तीन लाल दिव्यांचा धडा

खेळ ऐन रंगात आलेला असावा आणि पडद्यावरचे चित्र एकाएकी गोठावे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तर दर्शनी भागावरील हिरव्या वलयाच्या जागी तीन लाल दिव्यांची उघडझाप सुरू व्हावी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलच्या हजारो मालकांनी हा अनुभव घेतला. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या या यंत्राच्या नावाशी ते ‘लाल वलय’ कायमचे जोडले गेले. त्यातूनच घरोघरी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन कन्सोल थंड करू पाहणाऱ्या हौशी कारागिरांची एक पिढी तयार झाली. त्यांचे कोणते उपाय शास्त्राच्या कसोटीवर टिकले आणि कोणते फसले, हे पाहणे आजही उपयोगाचे आहे. यंत्रे बदलली, पण उष्णतेचे नियम बदललेले नाहीत.

उष्णतेचा प्रवास

सुरुवातीच्या काळातील एक्सबॉक्स ३६० खेळ चालू असताना सुमारे १७० वॉट वीज घेत असे. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणजे साठ वॉटचे जवळपास तीन बल्ब एका चपट्या डब्यात कोंडून तासन्‌तास पेटते ठेवावेत, तसा हा प्रकार होता. त्यातही बहुतांश उष्णता दोन चिपमध्ये निर्माण होई. एक मुख्य प्रोसेसर आणि दुसरी चित्रे रेखाटणारी ग्राफिक्स चिप. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून ही उष्णता सतत बाहेर काढणे, हे कोणत्याही कन्सोलच्या रचनेतील कळीचे काम असते.

हा प्रवास तीन टप्प्यांत होतो. चिपमधील उष्णता प्रथम तिच्यावर दाबून बसवलेल्या धातूच्या पंखेदार ठोकळ्यात, म्हणजे हीटसिंकमध्ये जाते. तेथून ती पात्यांमधून वाहणाऱ्या हवेला मिळते आणि ती तापलेली हवा पंखा डब्याबाहेर फेकतो. यापैकी एक टप्पा जरी अडला, तरी मागचे सगळे तुंबते. चिप आणि हीटसिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात व त्यात हवा अडकते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. तांबे तिच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच या खाचा भरून काढण्यासाठी दोहोंच्या मध्ये ‘थर्मल पेस्ट’चा पातळ थर दिलेला असतो. काही वर्षांनी ही पेस्ट सुकते, तिला भेगा पडतात आणि पहिल्या टप्प्यावरच वाट अरुंद होते.

खोलीतील हवेचाही यात मोठा वाटा असतो. पंख्याचा वेग तोच राहिला, तर खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढल्यावर चिपचे तापमानही साधारण तितक्याच अंशांनी चढते. सोनीने प्लेस्टेशन ५ साठी ५ ते ३५ अंश सेल्सियस ही वापराची मर्यादा दिली आहे. चाळिशी ओलांडणाऱ्या विदर्भातील मे महिन्यात, बंद खोलीत ही मर्यादा सहज मागे पडते.

हौशी कारागिरांचे उपाय

एक्सबॉक्स ३६०च्या रचनेतील एक अडचण उघड होती. ग्राफिक्स चिपच्या बरोबर वर डीव्हीडी चालवणारा भाग बसवलेला होता. त्यामुळे सर्वाधिक तापणाऱ्या चिपलाच बुटका हीटसिंक मिळाला होता. साहजिकच हौशी मंडळींनी सर्वप्रथम हवेकडे लक्ष वळवले.

मागच्या बाजूला असलेले दोन पंखे आवाज कमी व्हावा म्हणून एरवी पूर्ण वेगाने फिरत नसत. अनेकांनी त्यांची तार तोडून त्यांना थेट १२ व्होल्ट दिले. पंखे घोंघावू लागले, पण हवा निश्चितच वाढली आणि चिपचे तापमान उतरले. हा उपाय तत्त्वतः बरोबर होता. त्याची किंमत मात्र कर्णकर्कश आवाज आणि संपुष्टात आलेली वॉरंटी अशी दुहेरी होती. शिवाय जोडणीत चूक झाली, तर जळणारा भाग पंखा नव्हे, मदरबोर्ड असे.

काहींनी झाकणाला वर मोठे भोक पाडून तेथे जाळी आणि नवा पंखा बसवला. दिसायला हा उपाय रास्त वाटतो, पण येथेच अनेकांची फसगत झाली. कन्सोलच्या आत हवेचा मार्ग आखलेला असतो. प्लास्टिकच्या एका बोगद्यामुळे आत येणारी हवा हीटसिंकच्या पात्यांमधूनच जाते. हवा पाण्यासारखी असते. सोपी वाट मिळाली की अवघड वाट सोडून देते. झाकणाला भलत्या जागी भोक पडले की पंखे तेथूनच हवा ओढतात आणि हीटसिंक कोरडाच राहतो. पंखे दोनाचे तीन झाले, तरी चिप पूर्वीपेक्षा अधिक तापते.

बाजारात मिळणारे, कन्सोलच्या पाठीला अडकवायचे जोड-पंखेही याच कारणाने फारसे कामाचे नव्हते. डब्याबाहेर पडलेल्या गरम हवेला आणखी थोडे पुढे ढकलण्यापलीकडे ते काही करू शकत नसत. त्यातील काही तर कन्सोलच्याच विजेवर चालत व तिच्या जोडणीवर अधिकचा भार टाकत.

चौकटीचा दोष की आणखी काही?

तिसरा उपाय सर्वाधिक गाजला. हीटसिंक जागेवर धरून ठेवण्यासाठी मदरबोर्डच्या खालून इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टी लावलेली होती. तिच्या ताणाने बोर्ड वाकतो, त्यामुळे चिपखालचे सोल्डरचे सांधे निखळतात, असा तर्क मांडला गेला. मग पट्टी काढून तिच्या जागी बोल्ट आणि वॉशर बसवण्याची पद्धत रूढ झाली. या कृतीच्या अखेरीस पंखे बंद ठेवून यंत्र मुद्दाम तापवण्याची पायरी अनेकदा असे. त्याहून अघोरी प्रकार टॉवेलचा. बंद पडलेले कन्सोल जाड टॉवेलमध्ये गुंडाळून काही मिनिटे चालू ठेवायचे, मग थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आश्चर्य म्हणजे पुष्कळदा ते सुरूही होई. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लाल दिवे पुन्हा अवतरत.

या तात्पुरत्या यशामागचे कारण तेव्हा ‘सोल्डर वितळून पुन्हा जोडले गेले’ असे सांगितले जाई. साधे आकडे पाहिले, तरी हे पटण्यासारखे नाही. शिसेविरहित सोल्डर वितळण्यास सुमारे २१७ अंश सेल्सियस तापमान लागते. टॉवेलमध्ये गुंडाळलेले यंत्र त्या तापमानाच्या जवळही पोहोचत नाही. त्याआधीच संरक्षक यंत्रणा ते बंद करते. मग बिघडलेले यंत्र सुरू कसे होई?

याचे उत्तर बऱ्याच वर्षांनी अधिकृतपणे पुढे आले. डिसेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर सहा भागांचा माहितीपट प्रसिद्ध केला. बिघाड मदरबोर्डवरील सांध्यांत नव्हता, तर खुद्द घटकांच्या आतील जोडण्या तुटत होत्या, असे त्यात कंपनीच्या अभियंत्यांनी स्पष्ट केले. आणि त्या तुटण्यामागे केवळ अति तापणे नव्हते, तर तापणे आणि थंड होणे यांचे आवर्तन होते.

त्यामागचे विज्ञान सोपे आहे. सिलिकॉनचा तुकडा ज्या पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी तापल्यावर सिलिकॉनपेक्षा पाच-सहा पटींनी अधिक प्रसरण पावते. दोहोंना जोडणारे सोल्डरचे अतिसूक्ष्म ठिपके या ओढाताणीत सापडतात. यंत्र सुरू केले की ते एका बाजूला ताणले जातात, बंद केले की मूळ जागी येतात. लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती शेवटी तुटते, तसेच हे ठिपके तडकतात. टॉवेलच्या उष्णतेने सगळे भाग फुगतात आणि तडकलेल्या जोडणीची दोन टोके क्षणभर एकमेकांना टेकतात. ती दुरुस्ती नव्हे, निव्वळ स्पर्श असतो. बोल्टचा दाबही तेच काम करत होता. म्हणजे हजारो हौशी कारागीर भलत्याच थरावर मलमपट्टी करत होते.

कंपनीलाही ही चूक महागात पडली. जुलै २००७ मध्ये तिने तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. पुढे ग्राफिक्स चिपला उष्णता वाहणारी नळी आणि जादा हीटसिंक जोडण्यात आला. नंतर ९० नॅनोमीटरच्या जागी ६५ नॅनोमीटर तंत्राच्या, कमी वीज खाणाऱ्या चिप आल्या आणि २०१० च्या नव्या रूपात दोन्ही चिप एकत्र झाल्या. खरा इलाज मोठ्या पंख्यात नव्हता. उष्णता मुळातच कमी निर्माण करणे आणि जोडण्या अधिक सोशिक करणे, हाच तो इलाज होता.

मग घरी करावे तरी काय?

याचा अर्थ घरगुती उपाय निरुपयोगी असा नव्हे. चिपचे कमाल तापमान जितके खाली राहील, तितका प्रत्येक आवर्तनातील ताण कमी पडतो आणि यंत्राचे आयुष्य वाढते. तुटलेले जोडता येत नाही, पण तुटणे लांबवता येते. या कामी सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधे आहेत.

पहिला उपाय जागेचा. कन्सोल टीव्हीच्या शोकेसमधील बंद कप्प्यात, गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये. त्यावर भरतकामाचे आच्छादन तर मुळीच घालू नये. सर्व बाजूंनी किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. बंद कप्प्यात यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढते.

दुसरा उपाय धुळीचा. शहरातील धूळ आणि कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे घट्ट बसतात. मऊ ब्रश आणि हवेच्या झोताने ती काढावी. झोत मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. अन्यथा ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. प्लेस्टेशन ५ मध्ये बाहेरील पॅनेल काढल्यावर धूळ साठण्यासाठी खास केलेली छिद्रे दिसतात. ती व्हॅक्यूम क्लीनरने साफ करता येतात.

तिसरा उपाय पेस्ट बदलण्याचा. तो वॉरंटी संपलेल्या आणि काही वर्षे वापरलेल्या यंत्रापुरताच करावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी व नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच घालावी. अधिक पेस्ट म्हणजे अधिक गारवा नव्हे. पेस्टचे काम खाचा भरण्याचे आहे, थर चढवण्याचे नाही. हीटसिंकचे स्क्रू एकामागून एक पूर्ण न आवळता समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. असे केल्याने दाब सर्वत्र सारखा राहतो आणि चिपचा कोपरा तडकत नाही.

प्लेस्टेशन ५ मात्र या बाबतीत अपवाद आहे. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला आहे. तो वीजवाहक असल्याने एखादा थेंब जरी बोर्डावर ओघळला, तरी सगळे यंत्र निकामी होऊ शकते. गॅलियमवर आधारित असे द्रवधातू ॲल्युमिनियमलाही पोखरतात. म्हणून ‘अधिक चांगले’ म्हणून असा धातू आणून जुन्या कन्सोलच्या ॲल्युमिनियम हीटसिंकवर लावणे म्हणजे आपल्या हाताने त्याचा नाश ओढवून घेणे होय.

आणखी एक पथ्य अत्यंत महत्त्वाचे. एक्सबॉक्स ३६०चा वीजपुरवठ्याचा ठोकळा बाहेर होता, पण अनेक कन्सोलमध्ये तो यंत्राच्या पोटातच असतो. त्यातील कपॅसिटर तार काढल्यानंतरही काही काळ जिवावर बेतेल इतका विद्युतभार धरून ठेवू शकतात. त्या बंद पेटीला हात लावू नये. आणि टॉवेलचा प्रयोग तर कोणीही, कधीही करू नये. शेकडो वॉटचे यंत्र कापडात गुंडाळणे हा दुरुस्तीचा नव्हे, आगीला आमंत्रण देण्याचा मार्ग आहे.

तीन लाल दिव्यांनी हौशी कारागिरांना खूप काही शिकवले. स्क्रू-ड्रायव्हर धरायला, हवेचा मार्ग ओळखायला आणि यंत्राच्या आत डोकवायला त्यांना त्यामुळेच बळ मिळाले. पण त्याहून मोठा धडा वेगळाच आहे. यंत्र सुरू झाले म्हणजे ते बरे झाले असे नव्हे. ताप उतरवणे आणि रोग शोधणे यांत जे अंतर माणसाच्या आजारात असते, तेच यंत्राच्या बिघाडातही असते. ते ओळखून जो आधी जागा, मग धूळ आणि शेवटी स्क्रू-ड्रायव्हर या क्रमाने जाईल, त्याच्या कन्सोलवर लाल दिवे लागण्याची वेळ निश्चितच उशिरा येईल.