कार्ब्युरेटर केवढा हवा?

कसाऱ्याहून इगतपुरीला येताना घाट चढावा लागतो. येथे रेल्वेमार्गाचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका आहे. म्हणूनच गाड्यांना मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. शेजारच्या रस्त्यावर मोटारींचीही परीक्षाच होते. या परीक्षेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची प्रीमियर पद्मिनी नापास झाली.

वडिलांची ही गाडी त्याने हौसेने दुरुस्त केली होती. इंजिनाला अधिक जोर यावा म्हणून मूळच्यापेक्षा मोठा कार्ब्युरेटर बसवला होता. सपाट रस्त्यावर गाडी छान पळाली. पण घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच इंजिन गचके देऊन बंद पडू लागले. वळणावर मागे ट्रकांची रांग लागली. "सर, वरची हवा विरळ असते, म्हणून असे झाले का?" असे त्याने मला विचारले. विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर आपण गणितानेच शोधू.

गळ्यातील वारा

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे 15 किलोग्रॅम हवा लागते. हे मिश्रण तयार करणे हे कार्ब्युरेटरचे काम. त्याच्या नळीचा मधला भाग निमुळता असतो. त्याला आपण गळा म्हणू. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नूली यांनी हे तत्त्व 1738 साली मांडले, तर व्हेंचुरी यांनी अशा निमुळत्या नळ्यांवरील प्रयोग 1797 साली प्रसिद्ध केले. गळ्यात एक बारीक तोटी उघडते. तिच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल तोटीतून वर येते व त्याचा फवारा उडतो.

म्हणजे पेट्रोल ओढणारा कोणी पंप गळ्यात नाही. ते काम धावती हवाच करते. हवा संथ झाली की ओढ संपते.

आता आकडे मांडू

पद्मिनीच्या इंजिनाचे आकारमान 1089 घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 1.09 लिटर आहे. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत घेतली जाते. सिलिंडर 80 टक्केच भरतात असे धरले, तर मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या वेळी सेकंदाला सुमारे 36 लिटर हवा लागते. चढावर वरच्या गिअरमध्ये फेरे 1500 पर्यंत उतरले, तर ती गरज 11 लिटरवर येते.

समजा, गळ्याचा व्यास 24 मिलिमीटर आहे. मग 5000 फेऱ्यांना हवेचा वेग सेकंदाला 80 मीटर आणि 1500 फेऱ्यांना 24 मीटर येतो. आता 32 मिलिमीटरचा गळा घ्या. त्यात हेच वेग अनुक्रमे 45 आणि 13.5 मीटर होतात.

दाबातील फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून 1500 फेऱ्यांना 24 मिलिमीटरच्या गळ्यातील ओढ पेट्रोलचा सुमारे 45 मिलिमीटर उंचीचा स्तंभ उचलू शकते. 32 मिलिमीटरच्या गळ्यातील ओढ मात्र केवळ 14 मिलिमीटरचा! तोटीचे तोंड पेट्रोलच्या पातळीपेक्षा काही मिलिमीटर वर असतेच. ते अंतर चढून गेल्यावर फवारा उडविण्यास फारसा जोर उरत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन गचके देते.

थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना इंजिनाच्या बाजूची ओढ मंदगतीच्या वेगळ्या छिद्रातून पेट्रोल पुरविते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते व ही मदतही संपते. म्हणूनच बिघाड नेमका घाटात दिसला.

विरळ हवेचा दोष किती?

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. येथील हवेची घनता सुमारे 6 टक्के कमी असते, त्यामुळे इंजिनाची ताकद जवळपास तितकीच घटते. परंतु पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ओढले जाते, म्हणून ते 3 टक्केच घटते. म्हणजे उंचीवर मिश्रणात पेट्रोल किंचित अधिकच होते! येथे तर ते कमी पडत होते. तेव्हा विरळ हवा आरोपी नव्हे. आरोपी मोठा गळा.

मग निवड कशी करावी?

गळा फार लहान असूनही चालत नाही. इंजिनात सुधारणा करून फेरे 7000 पर्यंत नेले, तर सेकंदाला 51 लिटर हवा लागेल. 24 मिलिमीटरच्या गळ्यात तिचा वेग 112 मीटर होईल, अडथळा वाढेल आणि सिलिंडर पुरते भरणार नाहीत. वेग पुन्हा 80 मीटरच्या आसपास आणायचा, तर 28 मिलिमीटरचा गळा हवा. शर्यतीच्या गाडीला हे परवडते, कारण तिचे फेरे सहसा खाली येत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला मात्र बाजारातही चालायचे असते आणि घाटातही.

यावर एक तोड म्हणजे दोन गळ्यांचा कार्ब्युरेटर. त्यात लहान गळा आधी काम करतो आणि हवेची गरज वाढली की दुसरा उघडतो. गळा ठरल्यावर जेट निवडावा. स्पार्क प्लग काळा व काजळीचा दिसला तर पेट्रोल जास्त आहे, पांढराफटक दिसला तर कमी आहे आणि फिकट तपकिरी दिसला तर मिश्रण ठीक आहे. पेट्रोल फार कमी ठेवून गाडी दामटल्यास दट्ट्याही जळू शकतो.

माझ्या विद्यार्थ्याने लहान गळा बसविला आणि गाडी घाट चढली. सपाटीवरची कमाल गती थोडी घटली, पण त्याची तक्रार नव्हती.

इ. स. 2023 मध्ये पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. आता नव्या मोटारींत संगणक हवा मोजून पेट्रोल फवारतो. तरी तुम्ही घरी हा प्रयोग करून पाहा. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरा आणि तिच्या वरच्या टोकावरून दुसऱ्या नळीने आडवी फुंकर मारा. दुसरी नळी आधी बारीक घ्या, मग रुंद. पाणी केव्हा अधिक वर चढते? प्रयोग पाण्यानेच करावा, पेट्रोलने कधीही नाही!