विश्लेषण : बरगड्या न फाकवता फुप्फुसाची शस्त्रक्रिया कशी होते? त्यात रोबोट नेमके काय करतो?

देवळाली कॅम्पची ओळख दोन गोष्टींनी: तोफखाना आणि हवा. मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबे हवापालटासाठी इथल्या सॅनेटोरियममध्ये मुक्कामाला येत. कोरड्या हवेने खोकल्याला आराम पडत असेलही, पण फुप्फुसातली गाठ किंवा छातीत साचलेला पू हवेने जात नाही. आता याच देवळालीतल्या रुग्णाला नाशिक किंवा मुंबईच्या रुग्णालयात विचारले जाते, ‘‘उघडून करायची, दुर्बिणीने की रोबोटने?’’ घरच्यांना तिन्ही शब्द कळतात, त्यांतला फरक कळत नाही.

छातीचा सर्जन म्हणजे हृदयाचाच सर्जन का?

आपल्याकडे बराच काळ तसेच होते. एमबीबीएस, मग तीन वर्षे एमएस, त्यानंतर आणखी तीन वर्षे एमसीएच, आणि ही शेवटची पदवी हृदय, रक्तवाहिन्या आणि छाती अशी एकत्रच मिळते. बायपासचे काम इतके असते की फुप्फुस, अन्ननलिका, श्वासनलिका, छातीचा पडदा यांच्याकडे पूर्णवेळ लक्ष देणारे सर्जन कमीच निघाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे संचालकपद सांभाळलेले डॉ. सी. एस. प्रमेश हे अशा मोजक्या थोरॅसिक सर्जनांपैकी एक. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र असा तज्ज्ञ शोधावाच लागतो.

पूर्वी छाती कशी उघडत?

पाठीकडून काखेखालपर्यंत वीतभर किंवा त्याहून मोठा छेद घेत, स्नायू कापत आणि दोन बरगड्यांच्या मध्ये लोखंडी फाकवणी अडकवून ती फिरवत. रुग्णाचे हाल मुख्यतः या फाकवण्याने होतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो. तो चेपला की महिनोन्‌महिने कळ येते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

मग दुर्बिणीने काय बदलले?

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनचे डॉ. हान्स ख्रिश्चियन याकोबियस यांनी १९१० मध्येच मूत्राशय पाहण्याची दुर्बीण छातीत घालून पाहिली होती. क्षयरोगात चिकटलेले फुप्फुस सोडवण्यासाठी ती पुढे वापरात आली आणि क्षयावर औषधे निघाल्यावर मागे पडली. व्हिडिओ कॅमेरा आल्यावर १९९० च्या दशकात ती परतली ती फुप्फुसाचा अख्खा खंड काढण्याच्या तयारीने.

यात भूलतज्ज्ञाचे काम सर्जनइतकेच मोलाचे असते. घशातून दोन पोकळ्यांची नळी घालून एकच फुप्फुस चालू ठेवतात. दुसरे हवा काढून मिटवतात. ते मिटले की छातीत काम करायला जागा होते. मग एक ते चार छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत जातात. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. काढलेला भाग पिशवीत घालून त्यातल्याच थोड्या मोठ्या छेदातून बाहेर ओढतात.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करतो का?

नाही. सर्जन त्याच खोलीत पडद्यासमोर बसलेला असतो. त्याची बोटे हलली तरच यंत्राचे हात हलतात. फायदा दोन गोष्टींचा: खोली दाखवणारे, मोठे केलेले चित्र आणि मनगटासारखी सर्व बाजूंनी वळणारी हत्यारे. दुर्बिणीची हत्यारे काठीसारखी सरळ असतात. म्हणून दोन फुप्फुसांच्या मध्ये, हृदयाच्या पुढ्यात असलेली थायमस ग्रंथी काढायची असेल, तर अशा अरुंद जागी रोबोट खरोखर कामाला येतो. उणीव एक: बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना पेशींचा ताण जाणवत नाही, तो डोळ्यांनी ओळखावा लागतो. अमेरिकी बनावटीचे ‘दा विंची’ यंत्र सर्वांत परिचित. आता गुरुग्राममध्ये तयार होणारे ‘एसएसआय मंत्रा’ हे भारतीय यंत्रही वापरात आहे.

पुरावा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५०३ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीच्या रुग्णांना दुखणे कमी होते आणि पाच आठवड्यांनी त्यांची हालचाल चांगली होती. रुग्णालयातला मुक्काम पाचऐवजी चार दिवसांचा झाला. रोबोट आणि दुर्बीण यांची तुलना चीनमध्ये ३२० रुग्णांवर झाली. रोबोटने लसिकाग्रंथी जास्त निघाल्या, बाकी निष्कर्ष जवळपास सारखे आणि खर्च जास्त. थोडक्यात, मोठी उडी उघड्यावरून दुर्बिणीकडे येण्यात आहे. दुर्बिणीवरून रोबोटकडे जाणे हे लहान पाऊल आहे. जाहिरातीत नेमके उलटे भासते.

आपल्याकडचे फुप्फुस वेगळे असते का?

आणि इथेच परदेशी आकडे जपून वाचावे लागतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय होऊन गेलेले फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असते, लसिकाग्रंथी दगडासारख्या कठीण होऊन रक्तवाहिनीला घट्ट बसलेल्या असतात. ही फुप्फुसाची मोठी रक्तवाहिनी पातळ भिंतीची असते. ती फाटली तर काही मिनिटांतच निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी सर्जनने छाती उघडली तर ‘रोबोट फसला’ असे नातेवाईक म्हणतात. तसे नसते. वेळेवर छाती उघडणे हा कौशल्याचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट उशिराची. न्यूमोनिया किंवा क्षयानंतर छातीत पू होतो. सुरुवातीला तो पातळ असतो, नळीने निघतो. नंतर जाळी धरते, तेव्हा दुर्बिणीने साफ करता येतो. आणखी थांबले तर फुप्फुसावर जाड साल चढते आणि ती सोलून काढायला अनेकदा छाती उघडावीच लागते. म्हणजे छेद केवढा होणार हे पुष्कळदा रुग्ण केव्हा पोहोचला त्यावर ठरते.

कर्करोगाचेही तसेच. एक्स-रेवर डाग दिसला की क्षय समजून औषधे सुरू होतात, आणि तपासणीत जंतू सापडले नसतानाही महिने निघून जातात. २०२२ च्या एका जपानी अभ्यासात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला पूर्ण खंडाऐवजी त्याचा एक भाग काढणे पुरेसे ठरले. ती संधी लवकर आलेल्यालाच मिळते. औषधे चालू असूनही डाग वाढत असेल, खोकल्यातून रक्त येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणीचा आग्रह धरावा.

खर्चाचे काय?

विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. मात्र कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. पॉलिसीत ती ओळ आधी शोधावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांचे आहे; आपली शस्त्रक्रिया आणि ती करण्याची पद्धत त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रोबोटसाठी दागिने मोडावेत, असे वरच्या आकड्यांत काही नाही.

सर्जनला काय विचारावे?

‘‘तुम्ही या आजाराच्या अशा किती केल्यात? त्यांतल्या किती उघडाव्या लागल्या?’’ चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. मशेरी, विडी, सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करावी, फुंकण्याचा व्यायाम तेव्हापासूनच सुरू करावा. छातीतली नळी निघेपर्यंत सहसा रुग्णालयातच राहावे लागते. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल यायला काही दिवस लागतात आणि केमोथेरपी लागणार की नाही हे त्यावर ठरते. टाके दाखवायला गेलात की तो मागून घ्या.