संपाची नोटीस आणि कोपर्निकस मार्ग



दिल्लीला गेलो की माझा मुक्काम बहुतेक वेळा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात असतो. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता. कमानी सभागृह इथेच, दूरदर्शनचं मुख्यालयही इथेच. पण सकाळी फिरायला निघालो की माझं लक्ष जातं ते हातात फायलींच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या माणसांकडे. ही माणसं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'कॅट'मध्ये आलेली असतात. त्याचं मुख्य पीठ याच रस्त्यावर आहे.

मागच्या खेपेला चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. मूळचे अकोल्याकडचे, नोकरी सगळी दिल्लीकडे, रेल्वेतून निवृत्त. वेतननिश्चितीचा वाद घेऊन ते तारखेला आले होते. माझं मराठी ऐकून बोलायला लागले. मी सहज विचारलं, "रेल्वेत संपाचा इशारा निघतो, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?" ते म्हणाले, "साहेब, संपाच्या बातमीत आम्ही लाखो असतो. इथं मात्र प्रत्येक जण एकटा येतो."

आजचा विषय मला त्या वाक्यातून मिळाला. अनेक दर्शकांनीही विचारलं होतं की रेल्वे कर्मचारी संपाची धमकी देतात म्हणजे नेमकं काय करतात, त्यांना तो अधिकार आहे का आणि संप झाला तर पुढे काय होतं. एकेक प्रश्न घेऊ.

नोटीस म्हणजे काय?

रेल्वे ही कायद्याच्या भाषेत लोकोपयोगी सेवा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा सेवेतल्या संपाला अट होती. आधी नोटीस द्यायची, नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबायचं आणि समेटाची बोलणी सुरू असतील तर ती संपून सात दिवस होईपर्यंत काम बंद करायचं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने नोटिशीची अट सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लावली. शिवाय निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच धरला जातो.

म्हणजे नोटीस हा युद्धाचा बिगूल नाही. ती दोन्ही बाजूंना मिळालेली मुदत आहे. या चौदा दिवसांत सरकारने ऐकायचं, संघटनेने आपली माणसं किती तयार आहेत ते पाहायचं आणि मधल्या लोकांनी मार्ग काढायचा.

आता अधिकाराचं. संघटना स्थापन करण्याचा अधिकार राज्यघटनेने दिलेला आहे, पण संप हा मूलभूत अधिकार नाही. २००३ मध्ये तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी कडक भूमिका घेतली. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक अधिकार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे रेल्वे कर्मचारी औद्योगिक कामगारही आहे आणि सरकारी नोकरही आहे. या दुहेरी नात्यातच सगळी ओढाताण आहे.

१९७४: वीस दिवस

१९७४ साली मी मनमाडला शाळेत होतो. मे महिना, सुट्टीचे दिवस. मनमाड हे जंक्शन. शंटिंगचा खडखडाट आणि इंजिनाची शिट्टी रात्रंदिवस कानावर असायची. तो आवाज अचानक इतका कमी झाला, की घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली. शेजारचे काका इंजिनावर फायरमन होते. घरी असूनही ते दिवसभर अंगणात दिसायचे नाहीत. ते लपले होते की बाहेरगावी गेले होते, हे आम्हा मुलांना कोणी सांगितलं नाही.

त्या संपाची नोटीस २३ एप्रिलला दिली गेली होती आणि तारीख ठरली होती ८ मे. नेतृत्व होतं जॉर्ज फर्नांडिस यांचं. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. मागण्या कोणत्या? आठ तासांचं काम, बोनस, सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यांच्या बरोबरीने पगार आणि महागाईची पुरेशी भरपाई. इंजिनावरच्या माणसांची कामाच्या तासांची तक्रार तर फार जुनी होती. वाफेच्या इंजिनासमोर कोळसा मारत सलग चौदा चौदा तास ड्युटी होत असे. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं, तेव्हा दहा तासांची मर्यादा मान्य झाली. पण मान्य होणं आणि अमलात येणं यांतलं अंतर त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बोलणी सुरू असतानाच २ मे रोजी जॉर्ज यांना लखनौमध्ये अटक झाली. नोटिशीची मुदत अजून संपायची होती. मुदतीच्या मध्यावर बोलणाऱ्यालाच तुरुंगात टाकलं, तर मागे फक्त तारीख उरते. तसंच झालं. ८ मेला संप सुरू झाला. रेल्वेत तेव्हा सुमारे १७ लाख माणसं कामाला होती. भारत संरक्षण नियम आणि 'मिसा' यांखाली हजारो लोक पकडले गेले. प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या गेल्या. सरकारने आधीच प्रवासी गाड्या कमी करून कोळसा आणि धान्याच्या मालगाड्यांना प्राधान्य दिलं होतं, त्यामुळे वीजकेंद्रं चालू राहिली. १८ मेला पोखरणची अणुचाचणी झाली आणि वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडे वळली. २७ मेला संप मागे घेतला गेला. त्या दिवशी मागण्यांपैकी हातात काहीच नव्हतं.

मग संप फुकट गेला का? लगेच उत्तर देऊ नका. १९७७ मध्ये आपल्या कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात नोकरी गेलेल्यांना त्यांनी परत घेतलं. १९७९-८० या वर्षापासून रेल्वेत उत्पादकतेशी जोडलेला बोनस सुरू झाला. आज दसऱ्याच्या आधी ७८ दिवसांच्या बोनसची बातमी येते ना, तिचं मूळ तिथे आहे. त्यातही एक मेख आहे. बोनसचा हिशेब महिना ७,००० रुपये पगार धरून होतो, त्यामुळे जास्तीत जास्त रक्कम १७,९५१ रुपयेच बसते.

म्हणजे जे १९७४ मध्ये मागितलं होतं, त्यातलं काही पाच-सहा वर्षांनी मिळालं. पण ते मिळेपर्यंत ज्या घरात चूल पेटायची पंचाईत होती, त्या घराची ती वर्षं कोणी परत दिली नाहीत.

१९८१: बारा वर्षांची वाट

आता कोपर्निकस मार्गाकडे परत येऊ.

१९८१ च्या सुरुवातीला लोको कर्मचाऱ्यांनी पुन्हा आंदोलन केलं. रेल्वेच्या शिस्त आणि अपील नियमांत १४(२) नावाचं एक कलम आहे. चौकशी करणं व्यवहारात शक्य नाही असं अधिकाऱ्याला वाटलं, तर कारण लेखी नोंदवून चौकशीविना कर्मचाऱ्याला काढता येतं. या कलमाखाली अनेकांना घरी पाठवण्यात आलं. जुलै १९८५ मध्ये तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अधिकार वैध ठरवला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'कॅट' सुरू झालं. केंद्र सरकारी नोकरांचे सेवेविषयीचे वाद झटपट सुटावेत म्हणून १९८५ च्या कायद्याने ते उभं राहिलं. खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य बसतो. आधी खात्यातली अपिलं संपवायची आणि आदेशानंतर साधारण वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी ५० रुपये. वकील परवडत नसेल, तर अर्जदार स्वतः उभा राहू शकतो.

१९८१ मध्ये काढलेले लोको कर्मचारी या न्यायाधिकरणाकडे गेले. चौकशी खरोखरच अशक्य होती का, एवढाच प्रश्न होता. ती अशक्य नव्हती, असा निष्कर्ष निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये रेड्डप्पा खटल्यात निकाल लागला. काढलेल्यांना तीन महिन्यांत कामावर घ्या आणि तीन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई द्या.

बारा वर्षं. चाळिशीत नोकरी गेलेला ड्रायव्हर बावन्न वर्षांचा झाला. मुलांची शिक्षणं आणि लग्नं मधल्या काळात जशी जमली तशी झाली. पगार मिळाला तीन वर्षांचा. संप लाखोंचा होता, पण त्याची किंमत एकेकट्याने मोजली. टपरीवरचे गृहस्थ सांगत होते ते हेच.

इशारा प्रत्यक्ष संपापेक्षा मोठा

अलीकडचं उदाहरण पाहा. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारी नोकरीत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळाली नाही. सैन्यदलं यातून वगळली होती, म्हणून मी आज निवांत बसून तुमच्याशी बोलतोय. रेल्वेवाल्यांना ते भाग्य नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांनी संपाच्या प्रश्नावर गुप्त मतदान घेतलं. पुढे १ मे २०२४ पासून बेमुदत संपाचा इशारा दिला गेला. संप झाला नाही, गाडी एक तासही थांबली नाही. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. पंचवीस वर्षं नोकरी झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन. जुन्या योजनेइतकं ते नाही, म्हणून अनेक जण नाराज आहेत. तरी बोलण्यातून काहीतरी पदरात पडलं.

परदेशातही असंच दिसतं. अमेरिकेत २०२२ मध्ये मालगाड्यांच्या कंपन्यांमधल्या बारा संघटनांपैकी चार संघटनांनी करार नाकारला. पगारवाढ चांगली होती, पाच वर्षांत २४ टक्के. भांडण होतं आजारपणाच्या भरपगारी रजेचं. तिथल्या संसदेने कायदा करून करार लादला, २ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि संप बेकायदा ठरला. सात दिवसांच्या आजारी रजेचा ठराव सिनेटमध्ये पडला. पण प्रश्न मेला नाही. पुढच्या वर्षी अनेक संघटनांनी कंपन्यांशी वेगवेगळी बोलणी करून आजारी रजा मिळवली. कायद्याने संप थांबवता येतो. तक्रार थांबवता येत नाही.

सैनिक काय म्हणतो?

मला बरेच जण म्हणतात, "तुम्ही फौजी माणूस, तुम्ही संपाच्या विरोधातच असणार." खरं आहे, सैनिकाला संघटना करता येत नाही, संप तर दूरच. सेना कायद्याने आमचे काही मूलभूत अधिकार मर्यादित केले आहेत आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या बदल्यात फौजेत एक जुनी पद्धत आहे, सैनिक संमेलन. कमांडिंग ऑफिसर जवानांसमोर उभा राहतो आणि कोणताही जवान उभा राहून तक्रार मांडू शकतो. मी कंपनी कमांडर असताना मेसमधल्या निकृष्ट डाळीपासून अडकलेल्या रजेपर्यंत सगळं त्या संमेलनात ऐकलंय. ज्याच्याकडून 'नाही' म्हणण्याचा अधिकार काढून घेतला, त्याचं ऐकून घेण्याची जबाबदारी दुप्पट होते, हे मी तिथे शिकलो.

रेल्वेतही अशी व्यवस्था आहे. १९५२ पासून 'पीएनएम', म्हणजे कायमस्वरूपी वाटाघाटी यंत्रणा चालते. विभागापासून रेल्वे बोर्डापर्यंत मान्यताप्राप्त संघटनांबरोबर ठरावीक काळाने बैठका होतात. कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची, ते गुप्त मतदानाने ठरतं. असं मतदान २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये झालं. या बैठका वेळेवर आणि मनापासून झाल्या, तर नोटिशीपर्यंत गोष्ट जात नाही. त्या नुसत्या चहापानाच्या झाल्या, की तक्रार एक तर रुळांवर उतरते, नाही तर पिशवीत बसून न्यायाधिकरणात येते.

आज लोको पायलट ड्युटीचे तास आणि आठवड्याची विश्रांती यांसाठी झगडत आहेत. दिवसाची सोळा तासांची विश्रांती वेगळी आणि आठवड्याची तीस तासांची वेगळी, दोन्ही मिळाव्यात, ही त्यांची मागणी. ही त्यांची चैन नाही. गाडीत मागे आपण हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतो आणि पुढे एका माणसाने जागं राहायचं असतं.

म्हणून पुढच्या वेळी 'रेल्वे कर्मचाऱ्यांचा संपाचा इशारा' अशी बातमी आली, तर आरक्षणाची चिंता करण्याआधी तीन गोष्टी पाहा. मागणी नेमकी काय आहे? ती किती वर्षांपासून पडून आहे? आणि नोटिशीच्या मुदतीत बोलणी चालू आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर बहुधा तुमची गाडी सुटेल.

टपरीवरचे ते गृहस्थ पुढची तारीख घेऊन गेले. जाताना मी विचारलं, "किती वर्षं चाललंय?" हसून म्हणाले, "आता मोजत नाही साहेब."

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.