शाळा कोणत्या देशाची?

निर्वासितांना अन्न, वस्त्र व निवारा मिळाला की साहाय्याचे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यानंतर उभा राहतो आणि बहुधा तोच अधिक अवघड ठरतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. पुढे सुटका होऊन इराणमार्गे बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून वळिवड्यात राहिले. मुलांची शाळेची वर्षे वाया गेली होती. अनेकांनी आई किंवा वडील गमावले होते. छावणीत बालवाडीपासून माध्यमिक शिक्षणापर्यंतच्या शाळा निघाल्या. तितकाच आधार दिला तो स्काउट पथकांनी. त्यांचे एक मार्गदर्शक झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की हे ज्या युद्धकैद्यांची कातीन येथे कत्तल झाली, त्यांच्यापैकी बचावलेले लष्करी अधिकारी होते. मुलांनी जे सोसले होते, ते त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अभ्यासक्रम आणि भाषा मात्र पोलिशच होती, कारण मायदेशी परतायचे हे गृहीत धरलेले होते. १९४५ नंतर ते गृहीतकच कोसळले. अनेकांची गावे सोव्हिएत संघात गेली. १९४८ मध्ये छावणी बंद होताना बहुतेकांना ब्रिटनसारख्या परक्या देशांची वाट धरावी लागली. (फाळणीनंतर त्या जागी सिंधी निर्वासित वसले, आजचे गांधीनगर ते हेच.)

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने २०१२ पासून आश्रय देणाऱ्या देशाच्याच शाळांत मुलांना सामावून घेण्यावर भर दिला आहे. निर्वासितपण वर्षानुवर्षे टिकते आणि छावणीतल्या प्रमाणपत्राला बाहेर किंमत नसते, हे त्यामागचे कारण. तरीही अनोळखी भाषेच्या वर्गात, आपल्याहून लहान मुलांमध्ये बसवलेले मूल टिकेलच असे नाही. तेथे घरी व शाळेत दुवा होणारी व्यक्ती लागते.

भारतात २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला लागू आहे आणि वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. तरीही दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रवेशाचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मुलांनी आधी थेट सरकारी शाळांकडे अर्ज करावा, असे न्यायालयाने सुचवले. चौदाव्या वर्षानंतर तर हे कायद्याचे छत्रही उरत नाही. महाविद्यालयाचा अर्ज भरताना जुनी गुणपत्रिका, ओळखपत्र आणि शुल्क, तिन्ही एकदमच मागितले जातात.