बाहेरकाठ्यापुढची तिवरे राखा

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी आपली खाचरे असतील, तर बाहेरकाठ्यापुढची तिवरे तोडू नयेत. लाटांचा मार तीच झेलतात. ती गेली की बांध खचतो आणि खारे पाणी भातात शिरते.

खाडीच्या चिखलात हवा खेळत नाही. तिवरांची पाने-मुळे त्यात सावकाश कुजून साठतात; थंड मुलखातील पीट जमीनही अशीच बनते. भरावाने भरतीचे पाणी तुटले, की तिवरे वाळतात. तेव्हा नुसती रोपे लावण्याची घाई करू नये (रोपांचा खर्च बहुधा वाया जातो). आधी भराव काढून पाण्याची वाट मोकळी करावी. जवळ तिवरे असल्यास बी भरतीबरोबर येऊन रुजते.

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. २०२२ साली तो रामसर यादीत आला. ऐरोलीहून होडीने पक्षी पाहायला शहरातील माणसे पैसे मोजून येतात.