आलेखाची उंची आणि निर्देशकाचें मूल्य

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स 28 एप्रिल 1992 रोजीं सुमारें 570 अंशांनीं कोसळला, आणि 23 मार्च 2020 रोजीं सुमारें 3,935 अंशांनीं. संगणकाच्या पडद्यावर साधा आलेख काढला, तर दुसरी पडझड कड्यासारखी दिसते. पहिली शोधून काढावी लागते. वस्तुतः दोन्ही दिवशीं बाजार 13 टक्क्यांच्या आसपासच उतरला होता, आणि ज्याची पुंजी त्यांत होती त्याचें नुकसान प्रमाणानें सारखेंच होतें. साध्या मापांत समान अंशांना समान उंची मिळते, लॉगरिदमच्या मापांत समान टक्क्यांना. दीर्घ काळाचा आलेख म्हणूनच दुसऱ्या मापानें पाहणें उचित.

परंतु माप बदललें म्हणजे आलेखाखालचे निर्देशकही आपोआप सुधारतात, ही समजूत खोटी आहे. निर्देशकाचें गणित किंमतींवरून होतें, चित्रावरून नव्हे. एमएसीडी या निर्देशकांत अलीकडच्या दिवसांना अधिक वजन देणाऱ्या दोन सरासऱ्या असतात. 12 दिवसांच्या सरासरींतून 26 दिवसांची वजा करावयाची. पहिली दुसरीहून 2 टक्क्यांनीं वर असेल, तर दुसरी 4,000 असतां बाकी 80 येते, ती 80,000 असतां 1,600. बाजाराचा जोर तोच, आंकडा मात्र वीसपट! बाकीला 26 दिवसांच्या सरासरीनें भागून शंभरानें गुणलें, कीं दोन्हीकडे 2 येतात व तुलना न्याय्य होते.

अमेरिकेंतील जे. वेल्स वाइल्डर यांनीं 1978 सालीं ग्रंथरूपानें मांडलेल्या आरएसआयला ही अडचण नाहीं. सरासरी चढ व सरासरी उतार यांच्या गुणोत्तरावर तो उभारलेला असल्यामुळें 0 ते 100 यांच्या बाहेर जातच नाहीं. 70 च्या वर बाजार फार तापला, 30 च्या खालीं फार थंडावला, असें स्थूलमानानें समजतात. किंमतीच्याच मापपट्टीवर काढल्यास 80,000 च्या शेजारीं तो बिचारा तळाशीं चिकटून राहतो; म्हणून त्यास वेगळी पट्टी देतात. धोका येथेंच आहे. व्यवहाराचें सॉफ्टवेअर बहुधा दिसणाऱ्या काळांतील सर्वांत वरचा व खालचा बिंदु धरून चौकट भरून काढतें. बाजार शांत असतांना निर्देशक 45 ते 55 यांमध्येंच रेंगाळला, तर 55 चा बिंदु छताला टेकतो, आणि पाहणारा घाबरून चांगले शेअर विकून मोकळा होतो. पट्टी 0 ते 100 अशी पक्की बांधावी, 70 व 30 येथें आडव्या रेघा माराव्या. मग 55 मध्याजवळ आपल्या जागीं दिसतो.

एकाच चौकटींत, पण निरनिराळ्या पट्ट्यांवर काढलेल्या किंमतीच्या व निर्देशकाच्या रेषा कोठें तरी एकमेकींस छेदतात. त्या छेदाला कांहींच अर्थ नाहीं. एक पट्टी जरा ताणली, कीं तो दुसरीकडे सरकतो.