गुडघ्यातली न दिसणारी गाठ



‘दारं धरून आलं की गुडघा मोडाय येत नाही,’ ही तक्रार गटागटांतून हिंडताना आम्हांला नेहमी ऐकू येते. साठी उलटलेल्याचा गुडघा ‘झिजलाय’ म्हणून सोडून देतात. पण तिशीतला गडी उकिडवं बसताना कळवळू लागला, की चोळणाऱ्याचं घर गाठलं जातं. तिथंच चूक होते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मनगटावर हरभऱ्याएवढी गाठ उठलेली आपण पाहिली असेल. तिला डॉक्टर गँगलियन म्हणतात. ही मांसाची गाठ नव्हे, कॅन्सर तर नव्हेच. काकवीसारखा घट्ट, पण बिनरंगी द्रव भरलेली ती पिशवी असते. तशीच पिशवी कधी कधी गुडघ्याच्या पोटात होते. तिथं दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांवरून जातात आणि, वाढ्याने मोळी आवळावी तशी, मांडीचं व नडगीचं हाड धरून ठेवतात. पिशवी त्यांना चिकटून वाढते. पुढच्या बाजूला असेल तर पाय पुरता सरळ होत नाही. मागे असेल तर मांडी घालणं, उकिडवं बसणं मुश्कील होतं. बाहेरून मात्र बहुधा काही दिसत नाही, हाताला लागत नाही. १९२४ साली ती पहिल्यांदा नोंदली गेली, तीही शवविच्छेदनात!

एक्स-रेत हाडं दिसतात, ही पिशवी दिसत नाही. म्हणून डॉक्टर आधी गुडघा हलवून तपासतात, गरज वाटली तर एमआरआय सांगतात. (वर्कशॉपमधल्या मंडळींच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, किंवा कुणाला पेसमेकर असेल, तर ते मशीनमध्ये जाण्याआधीच सांगावं.) १८९४ साली डॉ. वानलेस यांचा दवाखाना उभा राहिल्यापासून आपली माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरत आली. आज या तपासणीची सोय मिरज-सांगलीप्रमाणे कऱ्हाड-साताऱ्यातही आहे.

आता मुद्द्याचं. एमआरआय केलेल्या शंभर गुडघ्यांत साधारण एखाद्यात अशी पिशवी सापडते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तिचा काडीचा त्रास नसतो. तेव्हा रिपोर्टात ‘सिस्ट’ शब्द वाचून घाबरू नये, ऑपरेशनची घाईही करू नये. ‘माझं दुखणं या पिशवीचंच, का गादी फाटल्याचं, का झिजेचं?’ असं डॉक्टरांना सरळ विचारावं. विचारण्यात कमीपणा कसला? उसाच्या वजनाची पावती आपण दोनदा बघतोच की.

त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने सुईने द्रव काढता येतो, मात्र पिशवी पुन्हा भरू शकते. दुसरा उपाय दुर्बिणीचा: दोन-तीन बारीक छेदांतून पिशवी काढतात, अस्थिबंध शाबूत ठेवतात. त्यानंतर ती सहसा परत होत नाही.

चोळून यातलं काही साधत नाही. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऑपरेशन ठरलंच, तर काही आठवडे चिखलात उतरता येणार नाही, डोक्यावर मोळी घेता येणार नाही. तोड कधी आहे, लागण कधी धरायची आहे, हे डॉक्टरांना आधी सांगून तारीख घ्यावी.